"रिसर्च प्रोफाइल करून मिळेल" : आईची फाइल, साडेतीन हजार रुपये आणि कुणाचं तरी प्रोस्टेट

डॉक्टरांच्या संशोधनाची फाइल बनवून देणाऱ्या एका दुकानाचा हा अनुभव, पण दुकानाचं नाव लिहिणार नाहीये हे आधीच सांगते. ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला आहे, एवढंच पुरे. एक तर त्यांचं बायंडिंग खरंच चांगलं आहे आणि दुसरं म्हणजे शेवटी त्यांनी अर्धे पैसे परत दिले, त्यामुळे उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. पण अशी दुकानं आता ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, मेडिकल कॉलेजांच्या आसपास बरीच दिसायला लागलीयेत म्हणून लिहितेय, तुमच्या घरात कुणी शिकवणारे डॉक्टर असतील तर वाचून ठेवा.

बाहेर नेहमीचा बोर्ड. झेरॉक्स, स्पायरल, थिसिस टायपिंग, हार्ड बाउंड, गोल्डन एम्बॉसिंग. आणि त्याच्याखाली सेलोटेपने चिकटवलेला नवा कागद : "डॉक्टरांचे रिसर्च प्रोफाइल, पब्लिकेशन लिस्ट, सायटेशन रिपोर्ट करून मिळेल".

माझी आई गायनॅक आहे, पण ती स्वतःला ऑब्स्टेट्रिशियन म्हणवते कारण आयुष्यभर तिने मुख्यतः बाळंतपणंच केलीत. लग्नाआधी मुंबईत म्युनिसिपल हॉस्पिटलला रजिस्ट्रार (निवासी डॉक्टर) होती, मग लग्न होऊन ठाण्यात आली, पंधराएक वर्षं स्वतःचं छोटं नर्सिंग होम चालवलं (रात्री अडीचला वाजणारी बेल हा माझ्या बालपणीचा आवाज आहे), आणि नंतर ते बंद करून नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवायला लागली. आता तिथे प्रोफेसरची जागा निघाली. अर्ज करायचा तर डीन ऑफिसने एक फॉर्म हातात दिला, त्यात एकूण पब्लिकेशन्स, त्यातली इंडेक्स्ड (म्हणजे मान्य याद्यांतल्या जर्नलमधली) किती, एकूण सायटेशन (म्हणजे दुसऱ्यांनी त्यांच्या पेपरांत तुमच्या पेपरचा दिलेला संदर्भ), एच-इंडेक्स, आय-१० इंडेक्स असे रकाने. आईने चष्मा कपाळावर सरकवून मला विचारलं, "एच-इंडेक्स म्हणजे काय गं? हिमोग्लोबिन का?"

मी ऐरोलीला आयटीत टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते, त्यामुळे खरं तर हे काम मीच करायला हवं होतं. पण ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, सकाळी ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची ती रात्री नऊला परत, आणि आईची रोज कटकट. शेवटी शनिवारी तिचा दोन पानी बायोडाटा घेतला आणि दुकानात देऊन आले. साडेतीन हजार, चार दिवस. काउंटरवरचा मुलगा एकदम कॉन्फिडन्ट, "ताई, काळजीच नको, आपण महिन्याला दहा-बारा डॉक्टर करतो."

आता चांगलं काय ते सांगते, उगाच नुसती शिव्यांची लाखोली नको. चार दिवस म्हणजे चारच दिवस, पाचवा नाही. फाइल दिसायला अप्रतिम. गडद मरून रंगाचं कव्हर, आईचं नाव सोनेरी अक्षरांत, आत इंडेक्स, प्रत्येक पेपरचं पहिलं पान, मधे रंगीत फ्लॅप, शेवटी वर्षवार सायटेशनचा ग्राफ आणि सोबत पेन ड्राइव्ह. आणि पहिल्या पानावर मोठ्या फाँटमध्ये : एकूण पब्लिकेशन्स ४७, सायटेशन ८१२, एच-इंडेक्स १४.

बाबा लगेच पेढे आणायला निघाले. आई जरा लाजलीच. म्हणाली, एवढे लिहिले मी? मग जेवणं झाल्यावर सोफ्यावर पाय वर घेऊन ती यादी वाचायला बसली आणि दहा मिनिटांनी आवाज आला, "हे प्रोस्टेट कुणाचं?"

मी बघितलं. नऊ नंबरला प्रोस्टेटच्या ऑपरेशनवर पेपर. अकरा नंबरला परत प्रोस्टेट. चौदाला मुतखडा. सतराला पण मुतखडा, दुर्बिणीतून. म्हणजे माझ्या आईने चोरून युरॉलॉजी केली असणार नाहीतर देशात कुठेतरी तिच्याच आडनावाचे आणि त्याच इनिशियल्सचे एक युरॉलॉजिस्ट आहेत ज्यांची निम्मी कारकीर्द आमच्या मरून फाइलमध्ये बांधली गेलीये. मोजले तर २० पेपर त्या भल्या माणसाचे. शिवाय पाच पेपर दोन-दोनदा मोजलेले, एकदा जर्नलच्या पूर्ण नावाने आणि एकदा शॉर्ट फॉर्मने. चार तर पेपरच नव्हते, कॉन्फरन्सच्या सोव्हेनिअरमधली अर्ध्या पानाची सारांशवजा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स होती. ४७ मधून २९ गेले, राहिले १८. पेढे अजून फ्रिजमध्येच होते.

इथवर मला वाटलं की ठीक आहे, आकडा फुगवलाय, कमी करून टाकू. पण आई यादीत काहीतरी शोधत होती आणि ते तिला सापडत नव्हतं. "माझा एक्लॅम्पशियाचा पेपर कुठाय?" एक्लॅम्पशिया म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके. तिचा पहिला पेपर, रजिस्ट्रार असतानाचा. नाहीच. त्या काळातले अजून दोन होते, तेही नाहीत. कारण अगदी सोपं आहे आणि आपल्याकडच्या कुठल्याही बाईला दोन सेकंदांत कळेल, पण दुकानातल्या मुलाला कळलं नाही : ते पेपर माहेरच्या नावाने आहेत.

आणि बायोडाटावर वर ठळक लिहिलं होतं हो, पूर्वाश्रमीचं नाव अमुक! वाचलंच नाही.

हा नावाचा घोळ नीट समजून घ्या, सगळ्या भानगडीचं मूळ तिथेच आहे. मेडिकल जर्नलमध्ये नाव छापतात ते आडनाव आणि पुढे इनिशियल्स. आपलं नाव तीन भागांचं, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, आणि लग्न झालं की मधलंही बदलतं नि शेवटचंही. म्हणजे बाईच्या इनिशियल्समधलं एक अक्षर बदललं आणि आडनाव बदललं, कॉम्प्युटरच्या लेखी ती मेली आणि दुसरीच कुणीतरी जन्माला आली. त्यात काही जर्नल मधलं अक्षर टाकतात, काही गाळतात. पाटील एस किंवा जोशी ए म्हणून शोधून बघा एकदा, हाडांपासून हिरड्यांपर्यंत सगळे सापडतील. पबमेडमध्ये (मेडिकल पेपरांची ऑनलाइन यादी) लेखकांची पूर्ण नावं यायला लागली तीच २००२ पासूनच्या पेपरांची, त्याआधीचं सगळं आडनाव आणि अक्षरांवर. ह्यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये ऑर्किड (ORCID) सुरू झालं, प्रत्येक संशोधकाला १६ आकडी नंबर, फुकट, नाव कितीदा बदला नंबर तोच. आईचा ऑर्किड आहे, कॉलेजनेच काढायला लावलेला, आणि त्यात नोंदी किती? शून्य. पासवर्ड कुठाय विचारलं तर म्हणाली डायरीत. डायरी कुठाय हे विचारलं नाही मी.

मग रविवारी आम्ही दोघी बसलो. दुकानाने साडेतीन हजारांत काय करायला हवं होतं ते आम्ही चहाच्या तीन राउंडमध्ये केलं. माळ्यावरची जुनी व्हीआयपी बॅग खाली काढली, त्यात रीप्रिंट्स. नव्या मुलांना रीप्रिंट माहीत नसेल, पूर्वी पेपर छापून आला की जर्नल लेखकाला त्याच्या सुट्या छापील प्रती पाठवायचं आणि जगातून कुणी पोस्टकार्डावर मागितली तर लेखक ती पोस्टाने पाठवायचा. स्टेपलच्या पिना गंजून कागदावर तांबडे डाग पडलेले. एकावर माझ्या आजोबांच्या अक्षरात "चि. बेबीचा लेख" असं लिहिलेलं, तारखेसकट. आईचं नाव त्याच्यावर माहेरचं, छापील. ती जरा वेळ गप्पच बसली मग, आणि मीही काही बोलले नाही.

एकेक पेपर घेऊन आधी पबमेडवर शोधला. हे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं, सगळ्यांना फुकट. तिथे सापडला म्हणजे निदान कागद खरा आहे. पण पबमेड एच-इंडेक्स काढून देत नाही. त्यासाठी गुगल स्कॉलर, तेही फुकट, पण ते सगळंच मोजतं, कुणाच्या एमडीच्या थिसिसमध्ये उल्लेख आला तरी एक सायटेशन, परिषदेच्या पीडीएफमध्ये आला तरी एक. म्हणून तिथला आकडा स्कोपसपेक्षा बहुतेक वेळा जास्त येतो. स्कोपस हे एल्सेव्हिअर कंपनीचं, २००४ चं, त्याचं पूर्ण दार उघडायला कॉलेजचं सबस्क्रिप्शन लागतं, ते आईने सोमवारी लायब्ररीत बसून बघितलं. थोडक्यात, एकाच बाईचे दोन ठिकाणी दोन एच-इंडेक्स निघतात आणि दोन्ही बरोबर असतात. त्यामुळे आकडा लिहिताना कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला हे लिहायलाच पाहिजे. दुकानाच्या फाइलमध्ये दोन्ही नव्हतं, नुसता १४.

बरं, एच-इंडेक्स म्हणजे काय ते. होर्हे हिर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या फिजिक्सच्या प्रोफेसरने २००५ मध्ये काढलेली युक्ती. तुमचे सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. वरून मोजत या. सहावा पेपर किमान सहा जणांनी वापरलाय पण सातवा सात जणांनी नाही, तर तुमचा इंडेक्स सहा. बस. आईचे निघाले ६४, ३१, १२, ९, ८, ६, मग ५, ४, ३, २, २, १, आणि उरलेल्या नऊ पेपरांना शून्य. एकूण पेपर २१, सायटेशन १४७, एच-इंडेक्स ६, आय-१० म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशनवाले पेपर तीन.

१४ चे ६ झाले. आईला वाईट वाटेल म्हणून मी जरा सावरून सांगायला गेले तर ती म्हणाली, "सहा का होईना, माझे आहेत."

आणि हे ६४ वालं कुठलं माहितीये? तोच, माहेरच्या नावाचा एक्लॅम्पशियाचा पेपर. दुकानाने जो गाळला तोच तिचा सगळ्यात जास्त वापरला गेलेला. मी तर उड्याच मारायच्या बाकी होते. पण आईने डीन ऑफिसचा कागद पुढे सरकवला. प्रमोशनला कुठले पेपर धरायचे ह्याचे नियम आहेत, २०२० मध्ये बदलले तेव्हापासून लेखकांच्या यादीत पहिल्या तिघांत नाव हवं नाहीतर तुम्ही कॉरस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारे लेखक) हवेत, आणि ओरिजिनल स्टडी, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू किंवा केस सिरीजच (बऱ्याच पेशंटच्या केस एकत्र) चालते, सुटी केस रिपोर्ट (एकाच पेशंटची) नाही. एक्लॅम्पशियाच्या पेपरात आई चौथी. रात्री लेबररूममध्ये उभं राहून केसपेपर भरणारी, झटके मोजणारी रजिस्ट्रार चौथ्याच नंबरवर असते. म्हणजे तिचा सगळ्यात गाजलेला पेपर एच-इंडेक्सला चालतो आणि प्रमोशनला नाही. २१ मधून आठ केस रिपोर्ट गेले, चार ठिकाणी नाव मागे म्हणून गेले, दोन जर्नल मान्य यादीत नाहीत म्हणून गेले. उरले सात. लागतात त्याच्यापेक्षा जास्तच आहेत, तेव्हा चिंता नाही, पण दुकानाच्या फाइलमध्ये ही चाळणी लावलेलीच नव्हती आणि कमिटीसमोर पहिला प्रश्न तोच आला असता.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसमधून येताना दुकानात गेले. डोकं तापलेलं होतं पण आवाज चढवला नाही, कारण काउंटरवर थिसिस घ्यायला आलेल्या पीजीच्या पोरींची रांग होती. मुलाला प्रोस्टेट दाखवलं. तो म्हणाला, "ताई, सॉफ्टवेअर असंच उचलतं, नाव मॅच झालं की येतं. आणि जास्त आलेत ना, कमी तर नाही, मग प्रॉब्लेम काय?"

प्रॉब्लेम काय! अरे बाबा, उद्या कमिटीत युरॉलॉजीचा कुणी बसला असला आणि त्याने स्वतःचाच पेपर आमच्या फाइलमध्ये बघितला तर?

मग आतून मालक आले. वयस्कर, गळ्यात मोजपट्टी अडकवलेली, बोलायला नम्र. त्यांनी पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि हळूच म्हणाले की सहा जरा कमीच दिसतो, सायटेशन वाढवून मिळतात, पन्नास सायटेशनचं पॅकेज आहे, दोन महिन्यांत होतात. आणि पेपरच कमी पडत असतील तर तयार पेपरात को-ऑथरची जागा मिळते, पहिल्या तिघांत हवी तर रेट वेगळा. मला वाटलं आपण ऐकण्यात चूक करतोय. नाही, टायपिंगच्या रेटकार्डच्या मागच्या बाजूला चक्क पेनाने लिहिलेले आकडे होते.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाजी निवडत होती ती थांबली. म्हणाली, लेबररूममध्ये पाऊल न टाकता डिलिव्हरी मी केली म्हणून सही करायची, तसं झालं हे. मग तिने एक किस्सा सांगितला जो त्यांच्या फील्डमध्ये जुन्या लोकांना पाठ आहे म्हणे. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलचा माल्कम पिअर्स, त्याने १९९४ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजीत छापलं की नळीत राहिलेला गर्भ उचलून गर्भाशयात बसवला आणि पुढे बाळ सुखरूप जन्माला आलं. जगभर बातमी. चौकशी केली तर अशी पेशंटच नव्हती! आणि पेपरवर सहलेखक कोण, तर जेफ्री चेंबरलेन, जे त्याच जर्नलचे एडिटर आणि वर तिथल्या गायनॅक लोकांच्या रॉयल कॉलेजचे प्रेसिडेंट. विभागातले वरिष्ठ म्हणून नाव घातलेलं. पिअर्सचं रजिस्ट्रेशन १९९५ ला गेलं आणि चेंबरलेननी दोन्ही पदं सोडली. आई म्हणाली, ती बातमी आली तेव्हापासून आमच्या युनिटमध्ये मॅडम प्रत्येक पेपरआधी विचारायच्या, ह्यातल्या किती केस तू स्वतः बघितल्यास?

फाइलमधली अजून एक गोष्ट मला खटकली होती ती म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना. ज्या जर्नलला तो नाही तिथे लाल शाईत "निल". आईच्या निम्म्या पेपरांपुढे लाल. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा असतो हो, पेपरचा नाही आणि माणसाचा तर नाहीच नाही. युजीन गारफिल्डची कल्पना, जर्नलमध्ये आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना ह्या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. त्यात ऑब्स्टेट्रिक्सची जर्नल्स हृदयाच्या किंवा कॅन्सरच्या जर्नल्सपुढे आकड्यांत मागेच असतात, तिथे लिहिणारेच जास्त म्हणून एकमेकांना सायटेशन देणारेही जास्त. कार्डिऑलॉजीवाल्याच्या २० एच-इंडेक्सशेजारी बाळंतपणवालीचा ६ ठेवून बघणं म्हणजे ठाण्याच्या पावसाची तुलना साताऱ्याच्या माणदेशाशी.

लाल निल बघून आईला विठ्ठल नागेश शिरोडकर आठवले. जे.जे.ला शिकवलेले, मूळ गोव्याकडचे. ज्या बायकांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा पडायचा त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालायची त्यांची पद्धत. ती त्यांनी १९५५ मध्ये छापली कुठे, तर मद्रासहून निघणाऱ्या "अँटिसेप्टिक" नावाच्या मासिकात. लॅन्सेट किंवा न्यू इंग्लंड जर्नलसारख्या बड्या परदेशी जर्नलमध्ये नाही. आज जगात कुठेही शिरोडकर स्टिच म्हटलं की डॉक्टरला कळतं. आणि गंमत म्हणजे, आईचं निरीक्षण आहे हे, पद्धतीलाच माणसाचं नाव पडलं की लोक खाली मूळ पेपरचा उल्लेख द्यायचंच सोडून देतात. रोज नाव घेतात, पण सायटेशन देत नाहीत. दुकानाच्या रकान्यात शिरोडकरांपुढे लाल शाईच आली असती.

उलट बाजूही तिनेच सांगितली, म्हणजे पेपर कुठे छापला ह्याने फरक पडतच नाही असं नाही. गडचिरोलीत राणी बंग आणि त्यांच्या टीमने दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यातल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि ते १९८९ ला लॅन्सेटमध्ये आलं म्हणून जगाने दखल घेतली. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, ह्याच्या पुढे कुणी जात नव्हतं. किंवा आपलं बेळगाव घ्या. तिथल्या खेड्यांत एएनएम सिस्टरनी (गावातल्या आरोग्य केंद्राच्या नर्स) १६२० बायकांवर केलेली ट्रायल, बाळ झाल्यावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने द्यायच्या, इंजेक्शन नको की फ्रिज नको. अति रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ ला लॅन्सेट, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. आई नर्सिंग होममध्ये असल्या गोळ्यांचं पाकीट ट्रेमध्ये ठेवायची तेव्हा मला ते कुठून आलं हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. सायटेशनचा आकडा म्हणजे हे असलं काहीतरी असतं हे मला त्या रात्री कळलं, नाहीतर मी तो इन्स्टाच्या लाइकसारखा धरून चालले होते.

आणि अजिबात न छापल्याने काय होतं ते कलकत्त्याच्या सुभाष मुखोपाध्यायांचं. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, इंग्लंडची लुईस ब्राऊन, हिच्यानंतर दोन-अडीच महिन्यांत, त्यांच्या प्रयत्नाने टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. पण नावाजलेल्या जर्नलमध्ये सविस्तर पेपर नाही, सरकारी समितीने खोटं ठरवलं, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. देशातलं पहिलं म्हणून मान मिळाला तो मुंबईत केईएमला १९८६ मध्ये जन्मलेल्या मुलीला. त्या कामातले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार, त्यांनीच पुढे मुखोपाध्यायांचे कागद वाचले आणि १९९७ मध्ये "करंट सायन्स"मध्ये लिहून सांगितलं की पहिले आम्ही नाही, ते होते. आई हे सांगताना नेहमी जरा हळवी होते. मी विचारलं, तू नर्सिंग होमच्या पंधरा वर्षांत काही का नाही लिहिलंस? म्हणाली, "लिहायचं कधी गं? तुझी शाळा, रात्रीच्या डिलिव्हऱ्या आणि कंपाउंडर सोडून गेलेला." त्या पंधरा वर्षांचा ग्राफ दुकानाच्या फाइलमध्ये सपाट लाइन आहे. त्या सपाट लाइनीत ठाण्यातली किती पोरं जन्मली त्याचा हिशोब तिच्या जुन्या रजिस्टरांत आहे, पण त्याला रकाना नाही फॉर्ममध्ये.

असो. विषय भरकटला, दुकानाकडे येते.

मंगळवारी मी आमची दुरुस्त यादी मेल केली. प्रत्येक पेपरापुढे पबमेडचा नंबर, लेखकांत आईचा क्रमांक, माहेरचं नाव की सासरचं, सायटेशन कुठून आणि कुठल्या तारखेचं. जुन्या तीन पेपरांसाठी लग्नाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि गॅझेटची प्रत जोडली, हे विसरू नका, नाव बदलल्याचा पुरावा फाइलमध्ये नसेल तर ते पेपर तुमचे नाहीतच. मालकांनी एका दिवसात नवी फाइल बांधून दिली, वेगळे पैसे घेतले नाहीत, आणि मी न मागता १,७५० परत दिले. वर म्हणाले, "ते पॅकेजचं मनावर घेऊ नका, बरेच डॉक्टर स्वतःहूनच विचारतात." हे ऐकून बरं वाटावं की वाईट तेच कळेना. रेटकार्ड मात्र काउंटरवर तसंच होतं, जाताना बघितलं.

तर रेटिंग. बायंडिंग, टायपिंग आणि वेळ पाळणं, पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण आईच्या डिग्रीत डीजीओचं (बाळंतपण-स्त्रीरोगाचा डिप्लोमा) डीओजी केलं होतं. पब्लिकेशन लिस्ट, पाचपैकी एक. सायटेशन रिपोर्टला शून्य देणार होते पण ग्राफ रंगीत होता म्हणून अर्धा. तुम्ही जाणार असाल तर यादी घरून करून न्या आणि त्यांना फक्त बांधायला सांगा, त्याचे सातशे-आठशे होतात, साडेतीन हजार देऊ नका. कॉलेजच्या लायब्ररीत विचारा आधी, आईला तिथल्या लायब्ररियन बाईंनी वीस मिनिटांत स्कोपसवर तिची दोन वेगवेगळी प्रोफाइल एकत्र करायची रिक्वेस्ट टाकून दिली, फुकट. दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं, गाडी नेऊ नका, पार्किंग नाही, स्टेशनवरून चालत जा.

पहिली मरून फाइल अजून घरीच आहे. बाबांना ती टाकवत नाही, सोनेरी अक्षरं आहेत म्हणे. आईने त्यातली प्रोस्टेटची पानं काढून पाठकोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहायला घेतलीत, आणि त्या युरॉलॉजिस्टना एक ईमेल करायचं तिच्या मनात आहे की तुमचे वीस पेपर ठाण्यात सुखरूप आहेत.